मांजरीतले २६ गुंठे : पालेभाजीसाठी जमीन जोखताना

पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुकच्या शिवारात, सोलापूर रस्ता आणि मुळा-मुठा नदी यांच्यामधल्या उतारावर ही जमीन आहे. क्षेत्र २६ गुंठे, आकार लांबट. वरचं टोक शिवरस्त्याला लागून, खालचं ओढ्याला. हडपसरच्या एका महिला बचत गटाला ती तीन वर्षांसाठी खंडाने हवी होती. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर पिकवायची आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये थेट विकायची, असा त्यांचा बेत. जमीनमालक अण्णा सत्तरीचे. बोलणी सुरू होताच त्यांनी मृदा आरोग्य पत्रिका काढून दाखवली. सामू (मातीचा पीएच) ठीक, क्षारता ठीक, पालाश भरपूर. गटाच्या अध्यक्ष काकूंनी तिचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, "ताई, भाजी येईल ना इथं? आणि आली तर पोराबाळांना खायला घालण्यासारखी असेल ना?"

काकूंनी एका दमात दोन प्रश्न विचारले होते. पुण्याच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात ते वेगवेगळे धरूनच जमीन तपासावी लागते. पीक येईल का, हा सुपीकतेचा आणि निचऱ्याचा प्रश्न. पानात काय उतरेल, हा त्या जमिनीवर आजवर काय काय झालं आणि तिला कुठलं पाणी मिळालं याचा. ज्वारीचा आपण दाणा खातो, तो मातीपासून बराच उंच असतो. पालेभाजीचं पान मातीला जवळजवळ टेकलेलं असतं, पाऊस पडला की त्यावर चिखल उडतो, महिनाभरात ते कापलं जातं, आणि कोथिंबीर तर कच्चीच पोह्यांवर पडते. म्हणून उसाला चालणारी जमीन पालेभाजीला चालेलच असं गृहीत धरता येत नाही.

पत्रिकेत काय असतं

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडहून सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. खत किती द्यायचं हे ठरवायला हे पुरेसं आहे आणि योजना त्यासाठीच आहे. शिसं, कॅडमियम, निकेल यांचा त्यात उल्लेख नसतो. जमिनीची खोली, निचरा, चुनखडीचे खडे, जुन्या तणनाशकाचा अंश, हेही नसतं.

दुसरी गोष्ट नमुन्याची. या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना घेतला जातो, जिरायतीत दहा हेक्टरमधून. अण्णांचे २६ गुंठे म्हणजे पाव हेक्टरपेक्षा थोडं जास्त. म्हणजे पत्रिकेतले आकडे त्यांच्याच मातीचे असतील असं नाही. शेजारच्या उसाच्या वावरातून उचललेली मातीही त्यांच्या नावावर लागलेली असू शकते. पत्रिका खोटी नाही, पण एवढ्या छोट्या तुकड्यावर, तेही पालेभाजीसाठी, तिच्या भरवशावर तीन वर्षांचा खंड भरणं धोक्याचं होतं.

आधी माणसांना विचारलं

खणायच्या आधी मी सातबारा मागवला. त्यातला गाव नमुना बारा हा भाग लोक सहसा वाचत नाहीत, कारण सगळ्यांचं लक्ष मालकीच्या सातावर असतं. बारामध्ये वर्षानुवर्षं कुठलं पीक होतं आणि पाणी कशाचं होतं याची नोंद असते. २०२१ पासून ई-पीक पाहणी आल्यावर शेतकरी मोबाइलवरून स्वतः नोंद करतात, त्यामुळे अलीकडची वर्षं तरी बरीच नेमकी मिळतात. इथे ओळीने ऊस, मग पडीक, असं दिसलं.

ऊस म्हटल्यावर मी अण्णांना तणनाशकाचं विचारलं. उसात ॲट्राझीन आणि मेट्रीब्युझीन सर्रास वापरतात. उसाला त्याचा त्रास नसतो, पण मेथी, पालक, कोथिंबीर ही रुंद पानांची पिकं त्याला फार नाजूक. त्यातून ॲट्राझीन विम्ल, म्हणजे सामू जास्त असलेल्या जमिनीत हळू विघटित होतं, आणि आपल्या काळ्या जमिनी बहुतेक विम्लच. अण्णांनी आठवून सांगितलं की शेवटच्या खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, दोनदा फवारणी झाली होती.

मग चहा झाला, आणि खरी माहिती त्या वेळी निघाली. पूर्वेकडच्या कोपऱ्यातली वरची माती काही वर्षांपूर्वी वीटभट्टीला विकली होती. खड्डा पडला तो भरायला शहरातून ट्रकने राडारोडा आणून टाकला, त्यावर हातभर लाल माती पसरली. वरून पाहिलं तर तो कोपरा सगळ्यात देखणा दिसायचा, भुसभुशीत आणि लालसर. गटातल्या दोघींनी तर पहिला वाफा तिथेच धरायचं ठरवलं होतं. अण्णांनी यातलं काही लपवलं नाही. त्यांना विचारणारंच कुणी नव्हतं.

चार पट्टे

उन्हाळ्यात जमीन पडीक असताना आम्ही वरपासून खालपर्यंत चालत गेलो. उन्हाळा यासाठी बरा की क्षार वर आलेले दिसतात आणि भेगांवरून मातीचा प्रकार कळतो. चालतानाच जमीन चार भागांत पडते हे लक्षात आलं, आणि यापुढचं सगळं काम आम्ही चारही भागांसाठी वेगळं केलं. नमुने एकत्र मिसळले असते तर सरासरी छान आली असती, पण त्या सरासरीवर एकही वाफा पिकला नसता.

वरचा पट्टा, शिवरस्त्याकडचा: राखाडी-तांबूस, मुरमाड. वीतभर-सव्वा वीत खणल्यावर मुरूम लागला. ओल्या मातीची चिमटीत पट्टी काढून पाहिली तर इंचभरात तुटली. गावात अशा जमिनीला कुणी किंमत देत नाही. "हे तर बरड आहे, हे सोडूनच द्या," असं शेजारचे एक आजोबा सांगून गेले.

मधला पट्टा, सगळ्यात मोठा: भारी काळी. दोन बोटं जातील एवढ्या भेगा. दोन फूट खणलं तरी रंग बदलला नाही, पांढरे चुनखडीचे बारीक खडे मात्र दीड फुटाखाली दिसू लागले. मातीची पट्टी तीन इंचांपर्यंत अखंड निघाली, म्हणजे चिकणमाती भरपूर.

खालचा पट्टा, ओढ्याकडचा: वरच्या अंगाला असलेल्या कालव्याचा पाझर इथे येतो. लव्हाळा माजलेला, आणि लव्हाळा जिथे असा दाट असतो तिथे जमीन बहुधा बराच काळ ओली राहते. वाफ्यांच्या जुन्या वरंब्यांवर पांढरा फुलोरा. ढेकूळ इतकं टणक की टाच मारून फुटेना.

चौथा भाग म्हणजे तो भराव टाकलेला कोपरा. हातभर खाली टिकाव खणकन वाजला. विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, त्यावर निळ्या रंगाचे पापुद्रे, जळलेल्या वायरी.

यानंतर ज्या दोन चाचण्या केल्या त्या कुणालाही घरच्या घरी करता येतात, म्हणून सविस्तर लिहिते. पहिली निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा घ्यायचा, पाण्याने भरायचा आणि ते पूर्ण मुरू द्यायचं. पहिल्यांदा मुरण्याचा वेळ मोजायचा नाही, कारण भेगाळलेली काळी जमीन सुरुवातीला पाणी गटागटा पिते आणि निचरा उत्तम आहे असा समज करून देते. माती फुगली, भेगा मिटल्या, की पुन्हा भरायचं आणि मग पट्टी लावून तासाला पाणी किती खाली गेलं ते पाहायचं. तासाला दोन ते पाच सेंटिमीटर म्हणजे पालेभाजीला चांगलं. एक सेंटिमीटरच्या आत असेल तर सपाट वाफ्याचा विचार पावसाळ्यात सोडून द्यावा. वरच्या पट्ट्यात पाणी झपाट्याने गेलं. मधल्यात तासाभरात जेमतेम अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढं. खालच्या पट्ट्यातला खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला तरी तळाशी पाणी होतं.

दुसरी चाचणी चोपणपणाची, म्हणजे सोडियममुळे माती बिघडली आहे का याची, आणि ही मला फार मोलाची वाटते. हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात अलगद सोडायचं आणि ढवळायचं नाही. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड हवं, बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. विहिरीच्या जड पाण्यात क्षार असतात, त्यामुळे चोपण मातीही नीट वागल्यासारखी दिसते. ढेकूळ नुसतं ढासळलं तर काळजी नाही. पण त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला आणि तो दोन तासांनीही बसला नाही, तर मातीत सोडियम जास्त आहे. असा सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सोडवतो, ते पाण्याबरोबर वाहत जाऊन मातीतली पोकळी बुजवतात, आणि मग ना पाणी खाली जातं ना मुळांना हवा मिळते. खालच्या पट्ट्याच्या पेल्यात असा ढग पसरला. काकूंना तेवढ्यावर जे समजलं ते पत्रिकेतल्या आकड्यांवरून समजलं नसतं.

प्रयोगशाळेत काय पाठवलं

नमुना घ्यायची रीत नेहमीचीच: बांध, झाडाची सावली, खताच्या ढिगाची जागा टाळून नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून १५-२० सेंटिमीटरपर्यंत, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गॅल्वनाइज्ड पाटी-घमेलं वापरायचं नाही, त्यातलं जस्त मातीला लागतं. खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळवायची नाही, हेही सांगावं लागतं, कारण शेतावर सगळ्यात आधी हाताला तीच लागते.

सुपीकतेची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत स्वस्तात होते. जड धातूंसाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा गाठावी लागली आणि तिथला खर्च गटाला जड गेला. म्हणून धातूंसाठी चारही नमुने न पाठवता भरावाचा कोपरा, मधला पट्टा आणि तुलनेसाठी वरचा पट्टा एवढेच पाठवले. खालचा पट्टा चोपणपणामुळेच बाद होणार हे दिसत होतं, त्यावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

सुपीकतेचे निष्कर्ष थोडक्यात. वरच्या पट्ट्याचा सामू साडेसातच्या आसपास, सेंद्रिय कर्ब कमी. मधल्याचा सामू आठच्या थोडा वर, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब मध्यम, चुनखडी बऱ्यापैकी, लोह कमतरतेच्या सीमेवर. आपल्याकडे किलोमागे साडेचार मिलिग्रॅमपेक्षा कमी उपलब्ध लोह म्हणजे कमतरता मानतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि कोथिंबिरीची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मग शेतकरी युरिया टाकतो आणि पिवळेपणा तसाच राहतो. खालच्या पट्ट्याचा सामू साडेआठच्या वर गेला होता, पेल्यातल्या ढगाशी ते जुळलं.

क्षारतेबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. आपल्या प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून क्षारता मोजतात. पिकांच्या सहनशीलतेचे पुस्तकी आकडे मात्र संपृक्त मातीच्या अर्काचे असतात, म्हणजे पाणी खूपच कमी आणि आकडा साहजिकच मोठा. भारी जमिनीत हा फरक काही पटींचा असतो. प्रयोगशाळेचा ०.८ पाहून, पालकाची मर्यादा २ आहे, मग बिनधास्त, असा हिशेब केला तर फसगत होते. शिवाय तो २ चा आकडा विलायती पालकाचा, स्पिनाशिया या वनस्पतीचा आहे. आपण जो पालक लावतो तो बीटाचाच भाऊबंद, क्षाराला त्याहून चिवट. मुळा आणि मेथी मात्र त्या मानाने हळव्या.

शिसं कुठून आलं

धातूंचा अहवाल वाचताना दख्खनच्या मातीची एक खासियत लक्षात ठेवावी लागते. आपली माती बेसाल्टपासून झाली आहे, आणि बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम हे मुळातच बरंच असतं. त्यामुळे अहवालात निकेल-क्रोमियमचे आकडे मोठे दिसले की लोक घाबरतात, कारखान्याचं पाणी आलं असणार म्हणतात. तसं असेलही, पण त्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. आपल्याच शिवारातल्या, पाणी न मिळालेल्या माळाच्या मातीशी तुलना करावी लागते. वरच्या पट्ट्याचा नमुना त्यासाठीच पाठवला होता. निकेल आणि क्रोमियम तिन्ही ठिकाणी जवळपास सारखं निघालं, म्हणजे ते दगडातूनच आलेलं.

शिशाचं उलट आहे. बेसाल्टमध्ये शिसं फारच कमी, किलोमागे सरासरी सहा मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून आपल्याकडच्या मातीत शिसं वाढलेलं दिसलं तर ते बहुधा माणसानेच आणून टाकलेलं असतं. भरावाच्या कोपऱ्यात ते बाकीच्या दोन नमुन्यांच्या कितीतरी पट निघालं. त्या निळ्या पापुद्र्यांकडे माझं बोट जातं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या भिंती, दारं, खिडक्या आज पुनर्विकासात पाडल्या जात आहेत, आणि पेठांमधला तो राडारोडा कुठेतरी शहराबाहेरच्या खड्ड्यांतच जातो. याची चीड येते. शहर आपली घरं नवी करतं आणि जुन्या घरांचं विष ज्या जमिनीतून भाजी घ्यायची तिथेच लोटतं.

काळी, चुनखडीची माती शिसं आणि कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते, मुळांना सहज देत नाही, हा आपल्याकडचा मोठा आधार आहे. आम्लधर्मी मातीत तेवढंच शिसं जास्त घातक ठरलं असतं. पण पालेभाजीत शिसं पोटात जातं ते मुळापेक्षा पानाला चिकटलेल्या धुळीतून आणि चिखलातून जास्त. मेथीची जुडी मुळासकट उपटतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला यापुढचं सांगायला नको. अन्न सुरक्षा नियमांत पालेभाजीतलं शिसं किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे.

याच कारणाने शिवरस्त्याकडची पहिली काही फुटं आम्ही सोडायला सांगितली. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं वाहून जात नाही. रस्त्याकडेला शेवरीचं किंवा गवताचं दाट कुंपण घातलं की आजची धूळही अडते.

पाणी

जमिनीला दोन पाणी आहेत: अण्णांची विहीर आणि कालव्याचं उचल पाणी. पुणे महापालिका मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात सोडते. लोक त्याला बेबी कालवा म्हणतात. खडकवासल्याचं स्वच्छ पाणी शहराने प्यायचं आणि त्या बदल्यात खालच्या शेतीला हे पाणी द्यायचं, असा तो व्यवहार. पाणी भरपूर मिळतं आणि त्यात नत्रही असतं, म्हणून उसाला, चाऱ्याला ते गोडच लागतं.

पालेभाजीसाठी त्याची तपासणी तीन अंगांनी करायला हवी. क्षार किती, सोडियमचं प्रमाण किती, आणि मैलाजन्य जिवाणू किती. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकासाठी १०० मिलिलिटर पाण्यात असे १००० जिवाणूंपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९८९ ची मर्यादा अजूनही कामाची आहे. कालव्याचं पाणी त्यात बसलं नाही. विहिरीचं बसलं, पण क्षार मध्यमपेक्षा वरचे निघाले, आणि ही विहीर कालव्यापासून लांब नाही. पावसाळ्यानंतर ती पुन्हा तपासायला सांगितली आहे.

जिवाणूंचं एक ठिकाण मातीच्या अहवालात येत नाही, ते म्हणजे जुड्या धुण्याचं. संध्याकाळी जुड्या बांधल्या की माती जावी आणि भाजी टवटवीत दिसावी म्हणून त्या पाटातल्या किंवा कालव्यातल्या पाण्यात बुचकळतात. विहिरीच्या पाण्यावर वाढवलेली कोथिंबीर शेवटच्या पाच मिनिटांत खराब होते. गटाला मी सगळ्यात आग्रहाने सांगितलं ते हेच: धुण्याचं पाणी वेगळं, पिण्याच्या पाण्याच्या टाकीतलं.

पाण्यात नत्र असेल तर खताचा नत्र कमी करायचा, हेही ओघाने आलं. पालक जास्तीचा नत्र नायट्रेटच्या रूपात पानात साठवतो. युरोपात ताज्या पालकासाठी किलोमागे ३५०० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे. उन्हात पान नायट्रेट वापरून टाकतं, त्यामुळे दुपारनंतरची कापणी सकाळच्या कापणीपेक्षा बरी. मांजरी-लोणीकडे पालेभाजी अशीही दुपार कलल्यावर काढतात आणि रात्री बाजाराकडे रवाना करतात, त्यामुळे इथे नवीन काही शिकवायचं नव्हतं.

कुंड्यांमधली परीक्षा

तणनाशकाचा अंश प्रयोगशाळेत शोधणं महाग पडतं. त्याऐवजी मधल्या पट्ट्याची माती काही कुंड्यांत भरली आणि बांधावरची, कधी फवारणी न झालेली माती काही कुंड्यांत. दोन्हीत मेथी आणि मुळा मोजून पेरला. ॲट्राझीन उगवण थांबवत नाही. रोप वर येतं, पहिली खरी पानं काढतं आणि मग पानांच्या कडा पांढरट-पिवळ्या होऊन ते बसतं. म्हणून नुसती उगवण मोजून थांबायचं नाही, तीन आठवडे पाहायचं. मधल्या पट्ट्यातली रोपं बांधावरच्या रोपांइतकीच हिरवी राहिली. खोडवा मोडून मध्ये जमीन पडीक होती, त्या पावसाळ्यांनी काम केलं असावं. गटातल्या ज्या दोघींनी कुंड्या सांभाळल्या त्यांना आता कुठलीही जमीन अशी पारखता येईल.

काय ठरलं

गावाने टाकलेला बरड पट्टा आम्ही पावसाळी कोथिंबिरीला दिला. मेथी-कोथिंबिरीची कामाची मुळं वरच्या फूटभरातच असतात, त्यांना पुरुषभर खोल काळी माती लागत नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये कोथिंबीर महागते, कारण भारी जमिनीत वाफसाच, म्हणजे पेरणीजोगी ओलच येत नाही, पाणी साचतं आणि रोपं मर लागून कुजतात. अशा वेळी पाणी वाहून जाणारी मुरमाड जमीन हीच खरी सोय. तिची उणीव सेंद्रिय कर्बाची आहे. त्यासाठी चांगलं कुजलेलं शेणखत दर पिकाला लागेल, आणि उन्हाळ्यात तिथे काही लावायचं नाही, कारण पाणी पुरणार नाही.

मधली काळी जमीन दसऱ्यानंतरची. पालक, चुका, मेथी, शेपू. पावसाळ्यात तिथे ताग पेरून फुलोऱ्याआधी गाडायचा. सपाट वाफे न करता मीटरभर रुंदीचे गादीवाफे, मध्ये चर. कोथिंबीर इथे लावायचीच असेल तर लोहासाठी शेणखतात मुरवलेलं हिराकस (फेरस सल्फेट) आधी द्यायचं. पानाला चिखल लागू नये म्हणून ओळींमध्ये उसाच्या पाचटाचं आच्छादन, ते शेजारून फुकट मिळतं. कोथिंबीर आणि कांदापात या कच्च्या खायच्या पिकांना फक्त विहिरीचं पाणी. कालव्याचं पाणी पालेभाजीला कुठेच नाही, तागाला चालेल.

खालचा पट्टा पालेभाजीच्या कामाचा नाही, निदान आज तरी. जिप्सम टाका म्हणजे सुधारेल, असं कुणीतरी अण्णांना सांगितलं होतं. जिप्सम सोडियमला जागेवरून हलवतं, पण हललेला सोडियम वाहून जायला वाट हवी. कालव्याचा पाझर अडवणारा चर आधी खणला नाही तर जिप्समचे पैसे ओढ्यात. अण्णांनी चर खणायचं मान्य केलं आहे, तोवर तिथे धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक.

भरावाच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. वरची लाल माती चांगली आहे, मुळं फूटभरच जातात, मग हरकत काय, हा गटाचा सवाल अगदी रास्त होता. हरकत अशी की तिथे पहिल्याच नांगरटीत खालचा राडा वर येईल. तिथे झेंडू घ्यायचा ठरला. दसरा-दिवाळीला पुण्यात झेंडू विकायला कष्ट पडत नाहीत, आणि तो कुणी खात नाही.

खंडाचा हिशेब त्यामुळे बदलला. गटाने २६ गुंठ्यांऐवजी वरचा आणि मधला पट्टा पूर्ण दराने आणि झेंडूचा कोपरा निम्म्या दराने घेतला. खालचा पट्टा अण्णांकडेच राहिला. करारनाम्यात दोन कलमं काकूंनी स्वतः सांगून घातली. करार असेपर्यंत या जमिनीत किंवा तिच्या बांधावर बाहेरची माती, राख किंवा राडारोडा टाकायचा नाही. आणि पहिल्या हंगामातल्या पालकाची पानं, माती नव्हे, धातूंसाठी तपासून घ्यायची, त्याचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा करायचा. अण्णांनी दोन्ही कलमं वाचून घेतली आणि सही केली. पालक दिवाळीनंतर कापणीला येईल, तेव्हा नमुना जाईल.